काळी बाईक काळीच ठेवायची असेल तर आधी ते कोरडं फडकं फेकून द्या

नवीन काळी बाईक घेतली तेव्हा पहिले दोन महिने मी रोज सकाळी न चुकता तिला पुसायचो. जुन्या बनियनचं मऊ फडकं, तेही कोरडंच, टाकीवरून गोल गोल फिरवायचं आणि मग चार पावलं मागे जाऊन बघत उभं राहायचं. एके रात्री दिव्याखाली गाडी लावली आणि बघतो तर काय, टाकीभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे! दुसऱ्या कुणीच काही केलेलं नव्हतं, ते सगळं मीच केलेलं, तेही प्रेमाने.

झालं काय की रात्रभरात टाकीवर बसलेली धूळ म्हणजे बारीक वाळूच असते, ती कोरड्या फडक्याखाली दाबून आपण रंगावर घासतो. फडकं कितीही मऊ असू दे, घासतेय ती धूळ. असे ओरखडे पांढऱ्या किंवा सिल्वर गाडीवरही तेवढेच पडतात, फक्त तिथे दिसत नाहीत. काळ्यावर ओरखड्याची कड उजेड पकडते आणि पांढरी चमकते. खरं तर ओरखडे सगळ्या दिशांना असतात पण दिव्याभोवती जे आडवे पडलेत तेवढेच चमकतात म्हणून ते गोल दिसतात. यांनाच स्वर्ल मार्क्स म्हणतात.

अजून एक गोष्ट, आपण ज्याला रंग म्हणतो त्याच्या वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो, साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. चमक त्याचीच असते आणि ओरखडेही आधी त्यालाच पडतात. एवढीच पुंजी आहे, ती जपून वापरायची.

म्हणून कोरडं पुसणं बंद, पिसांचा झाडू पण बंद. रोज चकाचक पाहिजेच असेल तर धूळ अगदी हलकी असताना क्विक डिटेलर (धूळ ओली करून सहज सरकवणारा स्प्रे) भरपूर मारा, मायक्रोफायबर अलगद एकाच दिशेने सरकवा, दरवेळी घडीची नवीन बाजू घ्या. धूळ जाड असेल तर तसंच चालवा, धुवाल तेव्हा जाईल. धुळीने काही होत नाही, घासण्याने होतं.

आता धुणं. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण गार होऊ द्या आणि गाडी सावलीत घ्या, कारण तापलेल्या पत्र्यावर शाम्पू लगेच वाळतो आणि डाग सोडतो. आधी नुसतं पाणी मारा, वरून खाली, भरपूर, हात न लावता जेवढी माती निघेल तेवढी निघू दे. प्रेशर वॉशर असेल तर लांबूनच, आणि चेन, चाकांचे बेअरिंग, हँडलवरचे स्विच यांच्यावर थेट धार नको. मग दोन बादल्या घ्या, हो दोनच, एकीत शाम्पूचं पाणी आणि दुसरीत साधं. मिट, म्हणजे गाडी धुवायचा मऊ हातमोजा, शाम्पूत बुडवायचा, टाकीवरून सरळ रेषेत फिरवायचा, गोल नाही, मग साध्या पाण्यात खळबळून काढायचा आणि पुन्हा शाम्पूत. एकाच बादलीत काम केलं तर काढलेली माती परत टाकीवरच येते ना! क्रम टाकी, पॅनल, मडगार्ड असा वरून खाली, आणि चाकं, चेन, इंजिनचा खालचा भाग यांना वेगळं फडकं, ते चुकूनही टाकीला लावायचं नाही. मिट जमिनीवर पडला की त्याची ड्युटी चाकांवर. आणि भांडी घासायचं लिक्विड वापरू नका, ते तेलकट काढण्यासाठीच बनवलेलं असतं त्यामुळे आधी लावलेला वॅक्सही घेऊन जातं, पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि क्षारही नाही असा गाडीचा शाम्पू घ्या.

वाळवताना लोक माती खातात. एवढं सगळं नीट करायचं आणि शेवटी टॉवेलने खसाखसा पुसायचं. जाड मायक्रोफायबर टॉवेल टाकीवर पसरा, हलकं दाबा, उचला, बस. फटींमधलं पाणी ब्लोअरने उडवता आलं तर उत्तम. टॉवेलच्या कोपऱ्यावरचं लेबल आधी कापून टाका, तेही ओरखडे पाडतं. उन्हात आपोआप वाळू द्यायचं तर अजिबात नाही, पाणी उडून जातं पण त्यातला कॅल्शियम मॅग्नेशियम मागे राहतो आणि काळ्यावर पांढरे ठिपके उमटतात. ताजे ठिपके असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून फडक्यावर घ्या, मिनिटभर ठेवा, मग स्वच्छ धुवा. जुने झाले की ते क्लिअर कोट खायला लागतात, मग पॉलिशशिवाय पर्याय नसतो.

पक्ष्याची शीट आणि सांडलेलं पेट्रोल, या दोन गोष्टींना मात्र थांबायचं नाही. शीट आम्लयुक्त असते आणि काळा पत्रा उन्हात जास्त तापतो, तापलेला क्लिअर कोट मऊ पडतो आणि डाग आत बसतो. वाळलेली शीट खरवडायची नाही, ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवायचं, मऊ झाली की उचलून घ्यायची. पेट्रोल भरताना झाकणाभोवती सांडलं तर लगेच पाणी ओता, फडक्याने टिपून घ्या.

ओरखडे आधीच पडलेत त्यांच्यासाठी एक सोपी टेस्ट. नख आडवं फिरवा, अडकलं तर ओरखडा खोल आहे, पॉलिशने जाणार नाही, टच-अप पेंट लागेल. नाही अडकलं तर पॉलिशने जाईल किंवा निदान फिकट होईल. पण पॉलिश म्हणजे क्लिअर कोटच थोडासा घासून सपाट करणं, दर महिन्याला हौस म्हणून करायची गोष्ट नाही. सगळ्यात सौम्य पॉलिशने न दिसणाऱ्या कोपऱ्यात आधी करून बघा, फोम पॅडवर थोडंसंच घ्या, एका वेळी तळहाताएवढा भाग, आणि टाकीच्या कडांवर मास्किंग टेप लावा कारण कडांवर थर पातळ असतो. रबिंग कंपाउंड, म्हणजे खरखरीत पॉलिश, घेऊन हाताने जोर लावणाऱ्या मित्राला गाडीजवळ येऊ देऊ नका.

पॉलिशनंतर क्लिअर कोट जपायला वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच, पण कृत्रिम थर). कार्नोबा, म्हणजे झाडापासून मिळणारा वॅक्स, काळ्यावर एकदम खोल दिसतो, माझा आवडता आहे, पण महिना-दोन महिन्यात उतरतो. सीलंट काही महिने टिकतो, दिसायला जरा काचेसारखा. दोन्ही अगदी पातळ लावायचे, जाड लावून फायदा शून्य, पुसताना घाम निघतो. सीट, टायर आणि ब्रेक डिस्क यांना काहीही चमकवणारं लावायचं नाही, घसराल.

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर लावून कडक होणारा पारदर्शक थर, चांगलं असतं, पाणी आणि चिखल चिकटत नाही, पण ओरखडेच पडत नाहीत असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि खाली ओरखड्यांचं जे जाळं आहे ते तसंच आत बंद होतं, त्यामुळे आधी पॉलिश. गुडघे घासतात त्या टाकीच्या बाजूंना पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) लावणं मला जास्त पटतं, मार ती फिल्म खाते, रंग नाही.

मॅट काळी असेल तर वरचं पॉलिश-वॅक्स सगळं विसरा. मॅटवर घासलं की तिथे चकचकीत चट्टा पडतो आणि तो परत मॅट होत नाही. फक्त शाम्पू, पाणी आणि मॅटसाठीचा सीलंट.

कव्हर घालायचं तर स्वच्छ आणि कोरड्या गाडीवरच, आणि नीट बांधून. धुळीच्या गाडीवर सैल कव्हर वाऱ्याने दिवसभर फडफडलं तर ते माझ्या बनियनचंच काम करतं. टाकीवर वाकताना जॅकेटची चेन आणि बेल्टचं बकल झाका, चावीला जाडजूड धातूची कीचेन नको. आणि मागे बसणाऱ्याला पाय उंच टाकून चढायला सांगायला लाजू नका, टेल पॅनलवरचे बरेचसे ओरखडे बुटांचेच असतात.