निवृत्तीच्या खात्यात पैसे टाकताना खर्च कुठे कापला जातो

महिन्याला ५,००० रुपये, २५ वर्षे. खर्च कापण्याआधी गुंतवणूक दरसाल १० टक्क्यांनी वाढते असे धरू. वार्षिक खर्च ०.१ टक्का असेल तर शेवटी सुमारे ६५ लाख २० हजार रुपये हाती येतात. खर्च १.५ टक्के असेल तर सुमारे ५१ लाख ६० हजार. फरक साडेतेरा लाखांचा, आणि तुम्ही खिशातून भरलेले एकूण १५ लाख. १० टक्के हा फक्त हिशेबापुरता धरलेला आकडा आहे, त्याची हमी कुणी देत नाही. पण परतावा कमी येवो की जास्त, खर्च कापला जाणारच. म्हणून योजना निवडताना आधी खर्च बघायचा, मग बाकीचे.

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीतला कामगार, मिहानमधला आयटीवाला, इतवारीतला दुकानदार, काटोलचा संत्रा उत्पादक, कुणीही स्वतःहून उघडू शकेल असे निवृत्तीचे खाते म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, म्हणजेच एनपीएस. मे २००९ पासून ती सर्व नागरिकांसाठी खुली आहे. टियर १ हे खरे पेन्शन खाते: पैसे निवृत्तीपर्यंत अडकतात आणि शेवटी ठरावीक भाग ॲन्युइटीत, म्हणजे विमा कंपनीकडून नियमित पेन्शन देणाऱ्या योजनेत, घालावा लागतो. टियर २ मधून पैसे केव्हाही काढता येतात, पण सर्वसामान्य नागरिकाला त्यावर करसवलत नाही. इथे टियर १ बद्दलच बोलू.

खर्च तीन ठिकाणी होतो, आणि बहुतेकांचे लक्ष चुकीच्या ठिकाणी असते.

पहिला खर्च फंड व्यवस्थापनाचा. तो एनएव्हीतूनच, म्हणजे फंडाच्या एका युनिटच्या किमतीतूनच, वजा होतो, त्यामुळे पासबुकात दिसत नाही. एनपीएसच्या नेहमीच्या योजनांत तो वर्षाला एक दशांश टक्क्याच्या आसपास असतो. एजंटमार्फत घेतलेल्या सक्रिय इक्विटी, म्हणजे व्यवस्थापक शेअर निवडतो अशा, म्युच्युअल फंडाच्या रेग्युलर प्लॅनमध्ये हाच खर्च बहुतेक वेळा दीड ते दोन टक्के पडतो. ऑक्टोबर २०२५ पासून एनपीएसमध्येच मल्टिपल स्कीम फ्रेमवर्कखाली नव्या योजना आल्या आहेत. त्यांत १०० टक्क्यांपर्यंत इक्विटी ठेवता येते, पण खर्चाची मर्यादा ०.३० टक्के आहे. ०.३० हा आकडा वाईट नाही, तरी नेहमीच्या योजनेच्या तो जवळपास तिप्पट होतो. जादा इक्विटी खरोखर हवी असेल तरच तिकडे जा, नवी योजना आली म्हणून नको.

दुसरा खर्च खात्याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा, म्हणजे सीआरएचा. प्रोटीन, केफिनटेक आणि कॅम्स अशा तीन सीआरए आहेत. ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरांनुसार खात्यातल्या रकमेप्रमाणे वर्षाला १०० ते ५०० रुपये युनिट विकून वसूल होतात. या खर्चासाठी डोके शिणवण्याची गरज नाही.

तिसरा खर्च पैसे भरण्याचा, आणि लहान बचत करणाऱ्याला खरा फटका इथे बसतो. बँकेत किंवा पोस्टात जाऊन, म्हणजे पीओपीमार्फत (एनपीएसचे पैसे स्वीकारणारे अधिकृत केंद्र) भरले तर रकमेच्या ०.५० टक्क्यांपर्यंत शुल्क लागते, पण किमान ३० रुपये. ई-एनपीएस या संकेतस्थळावरून स्वतः ऑनलाइन भरले तर ०.२० टक्के, किमान १५ रुपये. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. हे ‘किमान’ नीट समजून घ्या. महिन्याला १,००० रुपये पीओपीतून भरणाऱ्याचे दर वेळी ३५ रुपये ४० पैसे जातात, म्हणजे साडेतीन टक्के, पैसा बाजारात पोहोचण्याआधीच! वर्षाला ४२४ रुपये ८० पैसे. तेच १२,००० रुपये पीओपीतून एकदम भरले तर ७० रुपये ८० पैसे लागतात. ई-एनपीएसवरून दरमहा भरले तर वर्षाला २१२ रुपये ४० पैसे, आणि एकदम भरले तर फक्त २८ रुपये ३२ पैसे.

यावरून साधा नियम निघतो. ई-एनपीएसवर एका वेळी ७,५०० रुपयांपेक्षा कमी भरू नका, कारण त्याखाली १५ रुपयांचे किमान शुल्क टक्केवारीपेक्षा महाग पडते. पीओपीसाठी हा आकडा ६,००० आहे. महिन्याला जमत नसेल तर बचत खात्यात साठवून तिमाहीला भरा. अंबिया बहाराचा किंवा मृग बहाराचा माल कळमन्याच्या बाजारात विकून हातात रक्कम येणाऱ्या बागायतदाराने तर वर्षातून एक-दोनदाच भरावे, त्यांना हे आपोआप जमते. क्रेडिट कार्डाने मात्र भरू नका, पेमेंट गेटवेचे शुल्क वेगळे लागते. खाते चालू राहण्यासाठी टियर १ मध्ये वर्षाला किमान १,००० रुपये भरावेच लागतात, नाहीतर ते गोठते.

आता पैसे कुठे लावायचे. खाते ई-एनपीएसवर आधार, पॅन आणि बँक खात्याच्या तपशिलासह घरबसल्या उघडता येते. त्यात ॲक्टिव्ह चॉईस किंवा ऑटो चॉईस विचारतात. ॲक्टिव्हमध्ये इक्विटी म्हणजे ई, कंपन्यांचे रोखे म्हणजे सी आणि सरकारी रोखे म्हणजे जी यांचे प्रमाण तुम्ही ठरवता. नेहमीच्या योजनांत इक्विटीची कमाल ७५ टक्के. ऑटोमध्ये वयाप्रमाणे वाटप आपसूक बदलते. एलसी ५० मध्ये (एलसी म्हणजे लाइफ सायकल) ३५ व्या वर्षापर्यंत ५० टक्के इक्विटी असते, मग दरवर्षी २ टक्क्यांनी घटत ५५ व्या वर्षी १० टक्के उरते. एलसी ७५ मध्ये ७५ पासून हळूहळू घटत ५५ व्या वर्षी ती १५ वर येते. आमच्या मते ५५ व्या वर्षी १० टक्के इक्विटी फारच कमी आहे, कारण त्यापुढे अजून पंचवीस-तीस वर्षे महागाईशी झुंजायचे असते. बॅलन्स्ड लाइफ सायकलमध्ये ४५ पर्यंत ५० टक्के राहून ५५ व्या वर्षी ३५ टक्के उरते. ज्याला खात्याकडे वारंवार बघायचे नाही त्याला हा पर्याय बरा. स्वतः लक्ष देणाऱ्याने ॲक्टिव्ह घ्यावे, इक्विटी आणि सरकारी रोखे यांवर भर द्यावा आणि पन्नाशीनंतर इक्विटी हळूहळू उतरवावी.

फंड व्यवस्थापक निवडताना गेल्या वर्षीचा पहिला नंबर पकडण्याचा मोह होतो. तो टाळा. व्यवस्थापकांच्या खर्चात फारसा फरक नसतो आणि नियमांमुळे इक्विटी मोठ्या कंपन्यांतच जाते, त्यामुळे परताव्यातला फरक बराचसा नशिबाचा असतो आणि पुढच्या वर्षी पालटतो. एनपीएस ट्रस्टच्या संकेतस्थळावर पाच वर्षांचे आकडे बघा, सातत्याने तळाशी असणारा वगळा आणि उरलेल्यांतून कुणीही घ्या. पुढे गरज पडली तर वर्षातून एकदा व्यवस्थापक आणि चारदा वाटप बदलता येते. या बदलावर कर लागत नाही. म्युच्युअल फंडात एका योजनेतून दुसरीत गेलात की ती विक्री धरली जाते आणि नफ्यावर कर येतो. एनपीएसचा हा फायदा क्वचितच कुणी सांगतो.

सगळे पैसे एनपीएसमध्येच ठेवायला हवेत असे नाही. लागल्यास काढता यावेत असा भाग निफ्टी ५० इंडेक्स फंडाच्या, म्हणजे निफ्टी ५० या शेअर निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या फंडाच्या, डायरेक्ट प्लॅनमध्ये ठेवा. योजनेच्या नावात ‘डायरेक्ट’ हा शब्द आहे का ते आधी बघा. तो नसेल तर तोच फंड, तेच शेअर, पण वितरकाचे कमिशन दरवर्षी तुमच्या एनएव्हीतून जाते. दोन इंडेक्स फंडांत निवडताना एक्स्पेन्स रेशोबरोबर (वार्षिक खर्चाची टक्केवारी) निर्देशांकाच्या परताव्यापेक्षा फंड किती मागे पडला तेही बघा, कारण खर्च कमी दाखवून निर्देशांकापासून भरकटणारा फंड शेवटी महागच पडतो. ईटीएफचा, म्हणजे शेअरसारखा बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या फंडाचा, खर्च आणखी कमी दिसतो, पण डीमॅटचे वार्षिक शुल्क, दलाली आणि खरेदी-विक्रीच्या भावातले अंतर मोजले तर लहान रकमेला तो परवडत नाही.

करसवलतीसाठी घाई करणाऱ्यांनी एक तपासावे. टियर १ मधल्या स्वतःच्या भरण्यावरची जादा ५०,००० रुपयांची वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. नव्या पद्धतीत ती नाही. तिथे सवलत आहे ती मालकाने भरलेल्या रकमेवर, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत. म्हणून पगारदारांनी मार्चमध्ये फॉर्म भरण्याआधी एचआरला विचारावे की कंपनी एनपीएसमध्ये भरते का, आणि भरत नसेल तर पगाराच्या रचनेत ते बसवता येईल का.

बँकेत ‘पेन्शन प्लॅन’ म्हणून विमा कंपनीचे पॉलिसीपत्र पुढे केले तर सही करण्याआधी तीन आकडे लेखी मागा: पहिल्या वर्षी हप्त्यातून किती कापणार, दरवर्षी फंडातून किती, आणि तिसऱ्या वर्षी बंद केले तर परत किती मिळेल. काउंटरवर हे आकडे लिहून मिळत नसतील तर फॉर्म तिथेच ठेवून या.