विंडोज ९८ वाला पीसी घरच्या वायफायला कसा जोडायचा

माळ्यावरचा पेंटियम खाली काढलाय ना, मग त्याच्यासाठी वायफाय कार्ड शोधत बसू नका, डब्ल्यूपीए२ (आजच्या वायफायची पासवर्ड-सुरक्षा पद्धत) आलं २००४ ला, ९८ ला ते मुळात कळत नाही. सरळ लॅन पोर्टवाला वायफाय एक्स्टेंडर घ्या, आधी मोबाईलवरून तो घरच्या राउटरला जोडा आणि मग त्यातून पीसीच्या लॅन कार्डला केबल. रिअलटेक ८१३९ कार्ड चालतं, पण ड्रायव्हर टाकताना ९८ ची सीडी मागतो, जवळ ठेवा. नेटवर्क सेटिंगमध्ये टीसीपी/आयपी ऑटोमॅटिक ठेवा, म्हणजे पीसीला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आपोआप मिळतो. मग स्टार्ट मेनूतल्या रनमध्ये विनआयपीसीएफजी (winipcfg) टाका, मिळालेला आयपी दिसेल; तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, आधी केबल बघा, मी तासभर सेटिंग बदलत बसलो आणि पिनच सैल होती! आजच्या बऱ्याचशा साइट उघडणार नाहीत, जुन्या ब्राउझरला आताचं एचटीटीपीएस (साइटचं सुरक्षित कनेक्शन) झेपत नाही, एफटीपीने (फायली पाठवायची जुनी पद्धत) घरातल्या दुसऱ्या पीसीवर फायली मात्र मस्त जातात.