गटोपचारात एकच जण बोलत राहिला तर

मनोरुग्ण विभागातील गटसत्रात एखादा रुग्ण सलग बोलत राहतो आणि बाकीचे मान खाली घालून बसतात, तेव्हा सत्र चालवणाऱ्या परिचारिकेने त्याला थेट गप्प करू नये. कारण अशा बोलण्यामागे पुष्कळदा अस्वस्थता असते, आणि चारचौघांत टोकले की तो दुखावतोच, शिवाय 'बोललो तर आपलीही हीच गत होईल' असा धडा इतर जण घेतात. त्याच्या बोलण्यातील भावना एका वाक्यात पकडून ती गटाकडे सोपवावी: "काका, रात्रभर झोप लागत नाही आणि घरच्यांना ते पटत नाही, याचा तुम्हाला त्रास होतोय. असं आणखी कुणाला होतं का?" यानंतर येणारी शांतता घाईघाईने भरून काढू नये. माझ्या मते नेतृत्वाची खरी कसोटी इथेच लागते.

सहनेतृत्व करणारी परिचारिका असल्यास दोघींनी शेजारी न बसता समोरासमोर बसावे, म्हणजे एकीच्या नजरेतून सुटलेला चेहरा दुसरीला दिसतो आणि हळूच ओठ उघडून पुन्हा मिटणाऱ्या रुग्णाला नावाने बोलते करता येते. बोलक्या रुग्णाशी सत्रानंतर एकांतात जरूर बोलावे. मात्र उन्मादाच्या (मॅनिया, म्हणजे मन अति उत्तेजित होण्याचा आजार) तीव्र अवस्थेत बोलण्याचा वेग रुग्णाच्या हाती नसतो. त्याला त्या दिवशी गटात बसवण्याचा आग्रह धरू नये आणि डॉक्टरांना तसे कळवावे.