चळवळीमागचा हेतू कसा तपासावा : अमेरिकेतील टी पार्टीच्या निमित्ताने

टी पार्टी ही अमेरिकेत २००९ मध्ये ओबामा सरकारविरुद्ध उभी राहिलेली उजवी चळवळ. ती कशामुळे उभी राहिली, याची तीन उत्तरे ठरून गेली आहेत. समर्थकांच्या मते ती सरकारी खर्च आणि कर्ज यांविषयीची चीड होती. विरोधकांना तिच्यात पहिल्या कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्षाविषयीचा आकस दिसला. तळागाळातील चळवळीला इंग्रजीत ‘गवताची मुळे’ म्हणतात, म्हणून डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्या नॅन्सी पेलोसी यांनी तिला ‘कृत्रिम गवत’ ठरवले, म्हणजे धनाढ्यांनी अंथरलेले. यांपैकी एक उत्तर निवडण्याची घाई करू नये.

आधी तारखा मांडाव्यात. अडचणीतल्या बँकांना वाचवण्यासाठी ७०० अब्ज डॉलरची तरतूद बुश यांच्या काळात, ऑक्टोबर २००८ मध्ये झाली. ओबामांनी मंदीवरील उपाय म्हणून आखलेल्या ७८७ अब्ज डॉलरच्या योजनेवर १७ फेब्रुवारी २००९ रोजी सही केली, दोनच दिवसांनी अर्थवार्ताहर रिक सँटेली यांनी शिकागोच्या बाजारातून दूरचित्रवाणीवर गृहकर्जदारांच्या मदतीविरुद्ध आगपाखड केली आणि १५ एप्रिलला देशभर निदर्शने झाली. चळवळीला जोर सत्ताबदलानंतर आला, एवढे यातून कळते. कारण पक्षनिष्ठा, वंश की मंदी, हे कळत नाही.

म्हणून पुढे, लोकांना काय नको आहे यापेक्षा काय राखायचे आहे, हे विचारावे. माझ्या मते सर्वाधिक माहिती येथेच मिळते. थीडा स्कॉचपोल आणि व्हेनेसा विल्यमसन या अभ्यासकांनी मॅसॅच्युसेट्स, व्हर्जिनिया आणि ॲरिझोना येथील टी पार्टी गटांच्या सभांना जाऊन, कार्यकर्त्यांशी बोलून अभ्यास केला. सरकारी खर्चावर तुटून पडणारे हे बहुतांशी उतारवयाचे लोक सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन आणि मेडिकेअर (वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) मात्र आपण आयुष्यभर राबून कमावलेला हक्क मानत होते. त्यांचा राग फुकट खाणाऱ्यांवर होता, आणि त्या यादीत बेकायदा स्थलांतरित, गरीब, कधी घरातलीच तरुण मुलेही येत. अमेरिकेत ‘फुकट खाणारा’ या प्रतिमेला वंशाचा रंग फार जुना आहे. तेव्हा ‘खर्च की वंश?’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो, कारण खर्चाविषयीच्या तक्रारीतच पात्र कोण आणि अपात्र कोण याचा निवाडा दडलेला असतो.

पैशाचा माग काढावा, पण तेथेच थांबू नये. फ्रीडमवर्क्स आणि कोक बंधू या अब्जाधीश उद्योगपतींशी संबंधित अमेरिकन्स फॉर प्रॉस्पेरिटी या संघटनांनी प्रशिक्षण आणि साधने पुरवली, हे खरे. तथापि २०१४ मध्ये व्हर्जिनियात रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत प्रतिनिधिगृहातील बहुमताचे नेते एरिक कँटर यांना टी पार्टीच्या कार्यकर्त्यांचा पाठिंबा असलेल्या डेव्ह ब्रॅट यांनी हरवले, तेव्हा कँटर यांचा खर्च कित्येक पटींनी जास्त होता आणि मोठ्या राष्ट्रीय संघटना ब्रॅट यांच्यापासून दूरच राहिल्या होत्या. तेथे स्थलांतराचा मुद्दा गाजला होता. कर्जाचा तितका नव्हे.

शेवटी चळवळ कधी गप्प बसते ते पाहावे. २०१९ च्या आर्थिक वर्षात, करोनाच्या आधीच, ट्रम्प सरकारची अर्थसंकल्पीय तूट ९८४ अब्ज डॉलरवर गेली, तरी २००९ सारखी गर्दी रस्त्यावर आली नाही. ही कसोटी कठोर आहे, पण ती व्यक्तीगणिक लावावी : २०१० च्या लाटेत निवडून आलेले प्रतिनिधिगृहाचे सदस्य जस्टिन अमॅश ट्रम्प यांच्या काळातही खर्चाविरुद्ध मते देत राहिले आणि जुलै २०१९ मध्ये रिपब्लिकन पक्षातून बाहेर पडले.