मोठ्या कंपनीत एपीआय कशा सांभाळायच्या: मार्च एन्डला मिळालेला धडा

आधी एक झालेली गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलंय. एका विमा कंपनीच्या सिस्टीमवर आमची टीम काम करत होती. तिथे एक जुनी सर्व्हिस होती, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमना माहिती देणारी एपीआय, पॉलिसी नंबर द्यायचा आणि वर्षभरात भरलेल्या प्रीमियमची बेरीज घ्यायची, एवढंच तिचं काम. ती बंद करायची ठरली म्हणून आम्ही तीन महिने लॉग (कोणी कधी कॉल केला याच्या नोंदी) बघितले, एकही कॉल दिसला नाही, सगळ्या टीमना मेल टाकला, कोणाचंच उत्तर आलं नाही, मग डिसेंबरमध्ये केली बंद. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ८०सी साठी लागणारी प्रीमियमची सर्टिफिकेटं निघेनात. ती काढणारा जॉब वर्षातून एकदाच चालायचा, आणि तो सांभाळणारी टीम दोन वर्षांपूर्वीच मोडली होती, माणसं वेगवेगळ्या प्रोजेक्टवर गेली होती, म्हणजे आमचा मेल ज्या ग्रुपवर गेला त्या ग्रुपमध्ये वाचायला माणूसच उरला नव्हता. ब्रँचमध्ये लोक खेपा घालतायत आणि काउंटरवरच्या बिचाऱ्या माणसाला काय सांगावं कळत नाहीये. सर्व्हिस परत उभी करायला दोन रात्री गेल्या, त्यातली पहिली अख्खी रात्र जुना कोड नक्की कुठे आहे हे शोधण्यात.

तेव्हापासून मी एपीआयकडे दिलेल्या शब्दासारखं बघतो. शब्द कोणाला दिलाय हेच लिहून ठेवलेलं नसेल तर तो पाळायचा कसा आणि मागे घ्यायचा तरी कसा? मोठ्या कंपनीत शेकड्याने सर्व्हिसेस असतात, त्यामुळे टूल कुठलं घ्यायचं हा प्रश्न बराच नंतर येतो.

तर सुरुवात यादीपासून. आणि कृपा करून सगळ्या टीमना एक्सेल पाठवून "आपापल्या एपीआय भरा" असं सांगू नका. निम्मे भरत नाहीत, उरलेले आठवतं तेवढंच भरतात. माहिती आधीच वेगवेगळ्या ठिकाणी पडलेली असते: गेटवेची (सगळे कॉल ज्यातून आत येतात त्या दाराची) कॉन्फिग, लोड बॅलन्सर (काम अनेक सर्व्हरवर वाटणारा), डीएनएसच्या (सर्व्हरच्या नावांच्या आणि पत्त्यांच्या) नोंदी, फायरवॉलचे रूल, सर्व्हरच्या सुरक्षा सर्टिफिकेटांची यादी, गिटमधल्या (कोड ठेवायच्या जागेतल्या) स्पेक फाइल्स, म्हणजे एपीआय काय घेते आणि काय देते याची लेखी वर्णनं. हे सगळं काढून शेजारी शेजारी ठेवा आणि एका ठिकाणी दिसतं पण दुसरीकडे दिसत नाही असं काय आहे ते बघा. डीएनएसमध्ये नाव आहे पण गेटवेवर नाही, म्हणजे कोणीतरी गेटवेला वळसा घालून थेट सर्व्हिस उघडलीय. खरं घबाड अशा जागी सापडतं.

ही कंटाळवाणी कामं वाटतात पण ऑस्ट्रेलियाच्या ऑप्टस या टेलिकॉम कंपनीचं काय झालं ते बघा. २०२२ मध्ये त्यांच्याकडून सुमारे ९५ लाख आजी-माजी ग्राहकांची माहिती बाहेर गेली. तिथल्या नियामकाने कोर्टात मांडलेलं म्हणणं असं, की २०१८ मध्ये कोडमध्ये झालेल्या चुकीमुळे एका एपीआयवरचा अॅक्सेस कंट्रोल निकामी झाला होता, मुख्य साइटवर ती चूक २०२१ मध्ये दुरुस्त केली, पण तीच चूक असलेलं दुसरं एक डोमेन, जे कोणी वापरतच नव्हतं, ते इंटरनेटवर तसंच उघडं राहिलं. दुरुस्ती माहीत होती, करणारी माणसं होती, फक्त तो दुसरा दरवाजा कोणाच्या ध्यानात नव्हता. सॉफ्टवेअरच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या एपीआय सिक्युरिटीच्या २०२३ च्या यादीत नववा धोका हाच आहे, आपल्या एपीआयची नीट नोंद नसणे.

यादीत प्रत्येक एपीआयसमोर काय लिहायचं, तर ती काय करते हे एका वाक्यात आणि धंद्याच्या भाषेत ("पॉलिसीची सद्यस्थिती देते" असं, टेबलांची नावं नकोत), कुठली टीम सांभाळते, कोण कोण वापरतं, ग्राहकाची खासगी माहिती त्यातून जाते का, बाहेरून उघडी आहे का, आणि स्पेक कुठे ठेवलीय. बास. वीस कॉलम केलेत की कोणी भरणार नाही.

ओनर म्हणून माणसाचं नाव नको, टीमचं लिहा, आणि सोबत रात्री दोनला उचलला जाईल असा ऑन-कॉल नंबर. माणूस नोकरी सोडतो, टीमही मोडतात. म्हणून आता आम्ही एक गोष्ट करतो जी मला सगळ्यात जास्त पटलेली आहे: ऑर्ग चार्ट बदलला, टीम मोडली किंवा जोडली गेली, की तिच्या नावावरच्या सगळ्या एपीआय आणि ती वापरत असलेल्या दुसऱ्यांच्या एपीआय, दोन्ही याद्या मॅनेजरच्या हातात जातात आणि नवीन ओनर लिहिल्याशिवाय ते बदलाचं तिकीट बंदच होत नाही. ही सोय तेव्हा असती तर ती मार्चची भानगड झालीच नसती.

पुढचं काम वापरणाऱ्यांची ओळख, आणि इथे थोडा वेळ घालवा. जुन्या सिस्टीममध्ये एकच सर्व्हिस युजर बनवलेला असतो, त्याचा पासवर्ड पाच टीमकडे असतो, लॉगमध्ये सगळे कॉल त्या एकाच नावाने दिसतात. मग पासवर्ड बदलायची भीती, बंद करायची भीती, आणि लोड वाढला तर कोणामुळे वाढला ते कळत नाही. प्रत्येक अॅप्लिकेशनला स्वतंत्र क्लायंट आयडी द्या, टेस्टचा वेगळा, प्रॉडक्शनचा वेगळा. ओऑथ २.० हे अॅप्लिकेशनला परवानगी देण्यासाठीचं स्टँडर्ड २०१२ पासून आहे, त्यातला क्लायंट क्रेडेन्शियल्सचा प्रकार सर्व्हिस-टू-सर्व्हिस कामाला पुरतो. एकदम सगळं बदलायला जाऊ नका, नवीन येणाऱ्याला वेगळा आयडी सक्तीचा करा आणि जुन्यांना एकेक करून त्या सामायिक युजरवरून हलवा. आम्हाला यात सात-आठ महिने लागले, पण नंतर "हे कोण वापरतं?" या प्रश्नाचं उत्तर मीटिंग न घेता लॉगमधून मिळायला लागलं.

आता स्पेक. स्पेक लिहायची स्वॅगर ही पद्धत २०११ च्या सुमारास आली, २०१५ मध्ये ती लिनक्स फाउंडेशनखाली ओपन एपीआय झाली, आज रेस्टसाठी (वेबवरच्या नेहमीच्या प्रकारच्या एपीआयसाठी) दुसरं काही शोधायची गरज नाही. महत्त्वाचं हे की स्पेक आधी लिहा, कोड नंतर. कोडमधून जनरेट केलेली स्पेक म्हणजे घर बांधून झाल्यावर काढलेला नकाशा, तेव्हा खिडकी हलवा म्हणून सांगून उपयोग नसतो. स्पेकची फाइल गिटमध्ये, बदल पुल रिक्वेस्टने (दुसऱ्यांनी तपासून मग आत घ्यायचा बदल), आणि रिव्ह्यूला वापरणाऱ्या टीममधला एक जण हवाच हवा. आपल्या डेटाबेसचा कॉलम जसाच्या तसा बाहेर काढून ठेवलाय हे वापरणाऱ्याला पटकन खटकतं, बनवणाऱ्याला दिसत नाही. नावं कशी असावीत, तारीख कुठल्या फॉरमॅटमध्ये, हे नियम लिंटरमध्ये (नियम आपोआप तपासणाऱ्या टूलमध्ये) घाला म्हणजे त्यावर माणसांनी भांडायला नको, स्पेक्ट्रलसारखं फुकट टूल चालतं. आणि पाइपलाइनमध्ये (कोड आपोआप तपासून चढवणाऱ्या साखळीत) जुनी आणि नवी स्पेक ताडून बघणारी एक पायरी ठेवा, मोडतोड करणारा बदल असेल तर बिल्ड फेल.

मोडतोड करणारा बदल म्हणजे काय यावर मात्र नीट बोलून घ्या. फील्ड काढलं, नाव बदललं, आकड्याचा मजकूर केला, ऐच्छिक इनपुट सक्तीचं केलं, हे सगळ्यांना कळतं. फसवतात ते छोटे बदल. पॉलिसीच्या स्टेटसमध्ये आधी तीन किंमती (व्हॅल्यू) होत्या, चालू, लॅप्स, मॅच्युअर, त्यात कोणीतरी ग्रेस पिरियडची चौथी घातली, आपल्याला वाटलं नुसती भरच घातलीय, आणि ज्या मोबाईल अॅपने फक्त तीनच धरल्या होत्या ते उघडताच बंद पडायला लागलं. लिस्टचा क्रम आम्ही कधीच कबूल केला नव्हता तरी एका टीमने पहिली ओळ म्हणजे ताजी पॉलिसी असं धरून कोड लिहिलेला होता. वापरणारे वाढले की तुम्ही न लिहिलेल्या गोष्टींवरही कोणीतरी अवलंबून असतंच. त्यामुळे स्पेकमध्ये "नवीन किंमती येऊ शकतात, अनोळखी किंमत आली तर अशी हाताळा" आणि "क्रमाची हमी नाही" हे स्पष्ट लिहायचं.

एररचं थोडक्यात: एकच ढाचा सगळीकडे, आरएफसी ९४५७ चा (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले दस्तऐवज) घ्या आणि मोकळे व्हा. आणि दोनशेचा (सगळं ठीक असल्याचा) कोड देऊन आत मजकुरात "फेल" लिहायची पद्धत बंद करा, त्याने सगळं मॉनिटरिंग खोटं पडतं.

व्हर्जनिंगबद्दल लोक फार वाद घालतात, व्हर्जनचा आकडा पाथमध्ये (एपीआयच्या पत्त्यात) की हेडरमध्ये (सोबत जाणाऱ्या माहितीत) वगैरे. माझं मत, पाथमध्ये टाका, लॉगमध्ये डोळ्याला दिसतं. व्ही-१, व्ही-२ असे फक्त मोठे आकडे, आणि एका वेळी दोनच जिवंत. तिसरं आणायचं तर आधी पहिलं बंद करून दाखवा. हा नियम कडक वाटतो पण त्यामुळे टीम नवीन व्हर्जन काढायच्या आधी दहा वेळा विचार करतात, बहुतेक वेळा जुन्यातच एक ऐच्छिक फील्ड वाढवून काम भागतं.

गेटवेवर ओळख तपासणी, रेट लिमिट (किती वेळात किती कॉल याची मर्यादा), लॉग आणि राउटिंग एवढंच ठेवा. धंद्याचे नियम तिथे नकोत. ज्यांनी २००० नंतरच्या दशकात ईएसबीवर (एंटरप्राइज सर्व्हिस बस, सगळ्या सिस्टीम जोडणारं मधलं सॉफ्टवेअर) काम केलंय त्यांना आठवत असेल, सगळी रूपांतरं आणि नियम त्या बसमध्ये कोंबले गेले, मग एक फील्ड वाढवायचं तरी मधल्या टीमच्या रांगेत सहा आठवडे उभं राहायचं. गेटवे हाताळणाऱ्या टीमवर तीच वेळ आणू नका, राउट आणि लिमिट हे ओनर टीमला स्वतः गिटमधून बदलता आलं पाहिजे.

रेट लिमिट का लागतं हे समजावायला आपल्याकडे यूपीआयचं उदाहरण आहे, मी नवीन पोरांना तेच देतो. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय बरेच तास अडखळत होतं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या तपासात निघालं की काही बँकांकडून व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या एपीआयवर कॉलचा पूर आला होता, जुन्या व्यवहारांसाठीसुद्धा परत परत विचारणा चालू होती. म्हणजे पैसे पाठवणारी एपीआय बाजूलाच, नुसतं "झालं का, झालं का" विचारण्याने सगळं घुसमटलं. नियम आधीपासून होता, पहिली विचारणा ९० सेकंदांनंतर आणि दोन तासांत जास्तीत जास्त ३ वेळा. पण नियम कागदावर असणं आणि सिस्टीमने तो अडवणं यात फरक आहे. १ ऑगस्ट २०२५ पासून तर बॅलन्स बघण्यावरही एका अॅपवर दिवसाला ५० वेळा अशी मर्यादा आली. तुमच्या कंपनीतही लिमिट प्रत्येक क्लायंट आयडीला वेगळं लावा, एकाच्या चुकलेल्या लूपमुळे बाकीच्यांचं जेवण अडायला नको, आणि मर्यादा ओलांडली की ४२९ (फार विनंत्या झाल्या असं सांगणारा कोड) द्या, सोबत किती वेळाने परत यायचं तेही सांगा.

याच्याच जोडीला टाईमआऊट (उत्तराची किती वेळ वाट बघायची) आणि रिट्राय (जमलं नाही तर परत प्रयत्न). बाहेरच्याचा टाईमआऊट आतल्यापेक्षा मोठा हवा, नाहीतर बाहेरचा कंटाळून निघून जातो आणि आत काम चालूच राहतं. रिट्राय साखळीत एकाच ठिकाणी ठेवा. तीन थर असतील आणि प्रत्येक थर ३ वेळा प्रयत्न करत असेल तर सगळ्यात खालच्या बिचाऱ्या सर्व्हिसवर एका विनंतीचे २७ कॉल पडतात, आणि तेही ती आधीच आजारी असताना. पैशाचा किंवा नोंद तयार करणारा कॉल असेल तर वापरणाऱ्याने प्रत्येक विनंतीला स्वतःचा एक नंबर पाठवायचा आणि तोच नंबर परत आला तर सर्व्हिसने नवीन काही न करता जुनंच उत्तर द्यायचं. याशिवाय प्रीमियमच्या एपीआयवर रिट्राय लावूच नका, ग्राहकाचे दोनदा पैसे कापले गेले की विश्वास परत मिळवायला फार वेळ जातो.

नियमाला अपवाद मागायला लोक येणारच, द्या, पण अपवादावर संपण्याची तारीख लिहा. आणि परवानगी देणारी कमिटी महिन्यातून एकदा बसत असेल तर लोक तिला टाळतात, त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा एक तास आर्किटेक्टने मोकळं बसावं, कोणीही स्पेक घेऊन यावं.

आता बंद करणं, ज्यात आम्ही पोळलो. लॉग किमान १३ महिन्यांचे बघा, आपल्याकडे मार्च एन्ड, वार्षिक ऑडिट, दिवाळीची ऑफर अशी वर्षातून एकदाच जागी होणारी कामं फार. एवढे लॉग ठेवणं परवडत नसेल तर निदान क्लायंट आयडी, एपीआयचं नाव आणि तारीख एवढी रोजची बेरीज तरी साठवा, ती काही फार जागा खात नाही. मग उत्तराच्या हेडरमध्ये बंद होण्याची तारीख टाका, सनसेट हेडर त्यासाठीच आहे, आरएफसी ८५९४, २०१९ ची. मेल टाका, पण मेलवर विसंबू नका, लॉगमध्ये दिसणाऱ्या प्रत्येक क्लायंटच्या टीमला फोन करा. त्यानंतर जाहीर केलेल्या वेळी थोडा वेळ बंद ठेवून बघा, आधी दहा मिनिटं, पुढच्या आठवड्यात तास, मग अर्धा दिवस. गिटहबनेही २०२० मध्ये पासवर्डने एपीआय वापरणं कायमचं थांबवायच्या आधी तारखा जाहीर करून असंच थोडा थोडा वेळ बंद ठेवलं होतं. शेवटी बंद केल्यावर ४१० (हे कायमचं गेलं असं सांगणारा कोड) द्या, आणि कोड एक मार्च उलटेपर्यंत परत चढवता येईल असा ठेवा.

त्या प्रीमियमच्या सर्व्हिसचंही पुढच्या वर्षी असंच केलं. सर्टिफिकेटांचा जॉब तोवर नवीन एपीआयवर आणलेला होता, त्याची मार्चची फेरी व्यवस्थित झाली, १३ महिन्यांच्या नोंदीत जुन्या सर्व्हिसवर दुसरं कोणी दिसत नव्हतं. तरी जूनमध्ये एका मंगळवारी अकरा वाजता दहा मिनिटं बंद केली. अकरा वाजून चार मिनिटांनी ऑन-कॉलचा फोन वाजला, क्लेम विभागातून, त्यांचा एक जुना रिपोर्ट गेटवेला वळसा घालून थेट सर्व्हरच्या आयपीवर जात होता. आम्ही सर्व्हिस चालू केली, त्यांचं नाव यादीत लिहिलं आणि तारीख तीन महिने पुढे ढकलली.