तांदळाची पिठी बिघडते कुठे? या चुका टाळा

कोल्हापुरात घरोघरी हात ज्वारीच्या भाकरीवर बसलेला असतो. ताजं ज्वारीचं पीठ साध्या पाण्यातही मळता येतं. तीच रीत तांदळाच्या पिठीला लावली की भाकरी थापतानाच कडेनं फाटते. पिठीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. तिला धरून ठेवतो तो तिच्यातला स्टार्च, आणि तो फुगतो उष्णतेनं. म्हणून भाकरीलासुद्धा उकड काढा किंवा निदान आधणाचं पाणी घ्या.

मोदकाच्या पाऱ्या चिरतात त्याचं कारण बहुतेकदा तांदळातच असतं. बासमतीची पिठी मोकळी पडते. आंबेमोहोर, इंद्रायणी किंवा आपला आजरा घनसाळ घ्या. घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण मला तो आवडतो त्याच्या वासासाठी. तांदूळ धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. गिरणीत आधी तांदूळच दळला जात असेल तेव्हा डबा न्या. ज्वारीमागोमाग दळलं तर मोदकाचा पांढरा रंग जातो.

वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, चमचाभर तूप, चवीला मीठ. जुन्या तांदळाला पाणी थोडं जास्त लागतं. पाण्याला खळखळून उकळी येण्याआधी पिठी टाकणं ही सगळ्यात मोठी चूक. दुसरी चूक घाईची: ढवळून लगेच गॅस बंद करू नका. झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं दणदणीत वाफ येऊ द्या, आणि हाताला सोसेल तितकी गरम असतानाच तेल-पाण्याच्या हातानं मळा. गार झालेली उकड कितीही मळली तरी खडबडीतच राहते. तरी चिरतेय? कोमट पाण्याचा हबका मारून पुन्हा मळा. सैल झाली तर मात्र वरून कोरडी पिठी घालू नका, ती कच्ची लागते. थोडी घट्ट उकड वेगळी काढून तिच्यात मिसळा.

उरलेले मोदक फ्रिजमध्ये कडक होतात, कारण गार झाल्यावर स्टार्च पुन्हा घट्ट होतो. खायच्या वेळी परत वाफवा, मऊ होतात.

केकमध्ये मैद्याऐवजी सगळी पिठीच घालायची असेल तर अंडी किंवा दह्याचा आधार हवा. चमचाभर इसबगोलही चालतं. पिठी बारीक चाळा आणि मिश्रण अर्धा तास भिजू द्या, नाहीतर दाताखाली कचकच येते. गरम केक साच्यातून काढायला गेलात तर मोडणारच. नानकटाईत मात्र पाव हिस्सा पिठी बिनधास्त घाला, छान खुसखुशीत होते.

आता अनारसे. तांदूळ तीन दिवस भिजवताना पाणी रोज बदला, नाहीतर आंबूस वास राहतो. कापडावर पसरून वाळवा, पण किंचित ओलसर असतानाच दळा. चिक्कीचा गूळ नको, साधा कोल्हापुरी गूळ किसून घ्या. गूळ जास्त झाला की अनारसं तुपात हसतं, म्हणजे विरघळून पसरतं. म्हणून आधी एकच तळून बघा. हसलं तर पिठात थोडी पिठी मळून घ्या. कडक झालं तर पिकलेल्या केळ्याचा छोटा तुकडा कुस्करून मळा, आणि दुसरं तळून बघितल्याशिवाय बाकीचे थापू नका.