‘वांग्याचे’ लिहा किंवा ‘वांग्याचं’, भरीत सापडलं पाहिजे

सदस्यांनी लिहिलेल्या पाककृती, कविता आणि लेखांच्या मराठी संकेतस्थळावर कुणी ‘वांग्याचे भरीत’ शोधतं. ‘वांग्याचं भरीत’ तिथे असतं, तरी समोर येत नाही. दोष बहुधा सर्च इंजिनचा नसतो. एकच मराठी शब्द दोन-तीन तऱ्हांनी लिहिला जातो आणि संगणकाला ते वेगवेगळे शब्द वाटतात. इंजिन बदलायच्या आधी अक्षरांकडे बघा.

सुरुवात नोंदीपासून करा. दोन आठवडे तीनच गोष्टी साठवा: शोधलेले शब्द, आलेल्या निकालांची संख्या आणि कितव्या निकालावर क्लिक झालं. सदस्याचं नाव नको. मग शून्य निकाल आलेले दोनशे शोध हाताने वाचा आणि त्यांचे ढीग करा: लेखनभेद, विभक्तीची रूपं, रोमन लिपीतलं मराठी, आणि ज्यावर मजकूरच नाही असे विषय. सर्वांत मोठा ढीग आधी हाती घ्या. शेवटचा ढीग शोध सुधारून कमी होणार नाही, तो संपादकांकडे द्या.

मूळ मजकुराला हात लावू नका. शोधासाठी वेगळ्या स्तंभात प्रत्येक शब्दाची ‘कडक’ (फक्त लेखनभेद मिटवलेलं) आणि ‘सैल’ (ऱ्हस्व-दीर्घही एक केलेलं) अशी दोन रूपं ठेवा.

कडक रूपाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी युनिकोडचं एनएफसी लावा, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या जुळण्या एका ठरलेल्या रूपात आणणारा नियम. त्याने नुक्त्याची अक्षरं एकसारखी होतात, पण ‘ॲप’ सुटत नाही: ॲ हे ०९७२ क्रमांकाचं एक अक्षर, किंवा अ आणि त्यावर चंद्र, किंवा ऍ, अशा तीन तऱ्हा एनएफसीनंतरही वेगळ्याच राहतात. त्या स्वतः ॲ वर आणा. नंतर विसर्ग. ‘दु:ख’, ‘अंत:करण’ यांत पुष्कळ जण विसर्गाऐवजी कोलन टाइप करतात. पुष्कळ इंजिनं कोलनवर शब्द तोडतात आणि ‘दु’ व ‘ख’ असे दोन तुकडे साठवतात. मागेपुढे जागा न सोडता दोन देवनागरी अक्षरांमध्ये कोलन आला तर त्याचा विसर्ग करा, आणि हे शब्द तोडण्याच्या आधी करा. कवितांच्या विभागात या एका ओळीने मोठा फरक पडतो.

त्यानंतर युनिकोडमधली २००सी आणि २००डी क्रमांकांची न दिसणारी जोडचिन्हं काढा, आणि ऱ चा र करा. ‘दऱ्या’ मधला अर्धा र काही कीबोर्ड ऱ ने लिहितात, काही र, हलन्त आणि २००डी ने. दिसायला सारखं, साठवायला वेगळं. जोडचिन्हं काढून ऱ तसाच ठेवला तर गोंधळ उलट वाढतो, म्हणून दोन्ही कामं एकत्रच करा. यात ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ एक होतात. शोधापुरतं ते चालतं, मात्र मूळ लेखन तंतोतंत जुळणारा निकाल वर ठेवा.

परसवर्णासाठी, म्हणजे अनुस्वाराऐवजी लिहिलेल्या अनुनासिकासाठी, ङ्, ञ्, ण्, न्, म् यांच्यापुढे त्यांच्याच वर्गातलं पहिल्या चारांपैकी अक्षर आलं, तरच अनुस्वार करा. ‘पण्डित’ चा ‘पंडित’ होतो. ‘अन्न’, ‘अण्णा’, ‘जन्म’ सुरक्षित राहतात. शब्दाच्या शेवटी मात्रा नसलेल्या व्यंजनावर अनुस्वार असेल तर त्याचा ए करा, म्हणजे ‘केलं’ आणि ‘केले’ एक होतात. ‘घरें’, ‘घरीं’ यांचा शेवटचा अनुस्वार नुसता काढा. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचा मजकूर असेल तर ‘कांही’, ‘नांव’, ‘पांच’ असे शब्द भेटतील. तिथे सरसकट नियम लावू नका, ‘कांदा’ चाही अनुस्वार जाईल. छोटी यादीच करा. मराठी आणि इंग्रजी आकडे एका रूपात आणा.

सैल रूपात ी चा ि आणि ू चा ु करा. ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतील, म्हणूनच निकालांचा क्रम लावताना याचं वजन कमी ठेवायचं. ‘विहीर’ आणि ‘विहिरीत’ जुळायला मात्र हेच लागतं.

खरं अवघड काम विभक्तीचं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हिंदी, नेपाळी, तमिळसाठी स्टेमर (प्रत्यय काढून मूळ शब्द देणारी साधनं) आहेत, मराठीसाठी नाही. मराठीला हिंदीचा लावू नका, तो हिंदीचे प्रत्यय तोडतो. काहीच न तोडणारी ‘सिंपल’ रचना ठेवा आणि प्रत्यय स्वतः काढा: पासून, पर्यंत, साठी, मध्ये, च्या, चा, ची, चे, ला, ना, नी, ने, त. लांब प्रत्यय आधी तपासा आणि मागे किमान दोन अक्षरं उरू द्या. नंतर शेवटची मात्रा किंवा ‘्या’ काढा. ‘वांगे’, ‘वांगी’, ‘वांग्याचे’ सगळी ‘वांग’ वर येतात. ‘भाकरीच्या’ आणि ‘भाकऱ्या’ ‘भाकर’ वर.

इथला सापळा ‘मसाला’. त्यातला ‘ला’ प्रत्यय समजून तोडला तर ‘मसा’ उरतो, आणि ‘मसाल्याचे’ पासून ‘मसाल’. दोन्ही जुळत नाहीत. उपाय असा: आपल्या शीर्षकांतल्या शब्दांची, शेवटची मात्रा काढलेली यादी करा आणि प्रत्यय काढून उरलेला भाग, त्याचीही मात्रा काढून, या यादीत असेल तरच तोडा. ‘मस’ यादीत नसेल तर ‘मसाला’ शाबूत राहतो आणि मात्रा जाऊन ‘मसाल’ होतो. शीर्षकांत ‘लोणी’ नसेल तर ‘लोणचे’ ही असाच वाचतो. ‘पाऊस–पावसात’, ‘देऊळ–देवळात’, ‘मासा–माशाचे’, ‘रस्सा–रश्शाचा’ नियमात बसत नाहीत. त्यांची समानार्थी यादी लिहा. सदस्यांची नावं या सगळ्यातून वगळा.

रोमन लिपीत टाइप केलेल्या मराठी शोधांसाठी उलटी वाट सोपी पडते. टाइप केलेल्याची देवनागरी करण्यापेक्षा शीर्षकं आणि टॅग आयसीयू या युनिकोडच्या सॉफ्टवेअर लायब्ररीच्या लिप्यंतराने रोमनमध्ये आणा, अक्षरांच्या वरची-खालची चिन्हं आणि शेवटचा ए (a) काढा. आयसीयू च साठी नुसता सी देतं आणि छ साठी सीएच. च चा आधी सीएच करून घ्या. शोधशब्दात डबल ए चा एक ए, डबल ई चा आय, डबल ओ चा यू, डब्ल्यू चा व्ही करा आणि दोन्ही बाजूंना एसएच चा एस. त, ट किंवा न, ण यांतला फरक इथे जातोच. म्हणून पूर्ण मजकुरावर हे लावू नका.

पोस्टग्रेसमध्ये ए, बी, सी, डी या वजनांची मूळ मूल्यं १, ०.४, ०.२, ०.१ आहेत. शीर्षकाचं कडक रूप ए, टॅग आणि शीर्षकाचं सैल रूप बी, मजकुराचं कडक रूप सी, त्याचं सैल रूप आणि प्रत्यय काढून उरलेला मूळ शब्द डी, अशी सुरुवात ठीक.

एवढं करूनही निकाल येत नसेल तर बहुतेक वेळा इंडेक्स (शोधासाठी साठवलेली शब्दसूची) एका फंक्शनमधून गेलेला असतो आणि शोधशब्द दुसऱ्या. दोन्हीला एकच फंक्शन वापरा आणि नियम बदलला की सगळा इंडेक्स पुन्हा बांधा: नवा शेजारी तयार करून मग अदलाबदल. पोस्टग्रेसचं टीएस-डीबग किंवा इलॅस्टिकसर्च या सर्च इंजिनचं अनालाइझ ही तपासणीची साधनं वापरून ‘दु:ख’, ‘दऱ्या’, ‘वांग्याचं’ यांचे तुकडे डोळ्यांनी बघा.

नोंदीतून पन्नास शोध निवडा, प्रत्येकापुढे यायलाच हवी ती पानं लिहा, आणि प्रत्येक बदलानंतर पहिल्या दहांत किती येतात ते मोजा. सहा सुधारले आणि दोन बिघडले तर ते दोन आधी उघडा. बहुधा एखादा प्रत्यय नको तिथे तुटलेला सापडेल, किंवा शीर्षकातल्या एखाद्या टायपिंगच्या चुकीने तो भलता उरलेला भाग यादीत शिरलेला असेल.